नांवाचा धनी कोण? : केंटकीच्या मद्यधंद्यांतील कांहीं कज्जे

मद्याच्या धंद्याची कथा सांगावयास एका निवृत्त शाळामास्तरानें बसावें, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. म्हणून आरंभींच खुलासा करितों. मद्याचे गुण मला गावयाचे नाहींत, आणि त्याच्या दोषांचें प्रवचनहि आज करावयाचें नाहीं. माझा विषय आहे नांव. माणसाचें नांव त्याच्या मालावर चढलें, त्या नांवाला बाजारांत मोल आलें, म्हणजे तें नांव कोणाचें? ज्याला तें बारशाला मिळालें त्याचें, ज्या जागेंत माल निपजला त्या जागेचें, कीं पैसे मोजून धंदा विकत घेणाराचें? आपल्याकडेहि पेठेपेठेंतून हा प्रश्न उभा असतो. ‘आमची कोठेंहि शाखा नाहीं’ ही पाटी ज्या दुकानदाराला लावावी लागते, त्याला तो चांगला ठाऊक असतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं केंटकी या संस्थानांत, बोर्बन व्हिस्की नांवाच्या मद्याच्या धंद्यांत, या एका प्रश्नावर सव्वाशें वर्षांहून अधिक काळ कज्जे चालले. त्यांतील निवडक कज्ज्यांची हकीकत आज आपणांपुढें मांडावयाची आहे.

प्रथम त्या मालाची थोडी ओळख करून घेऊं. मका, थोडी राय किंवा गहूं, आणि मोड आणलेले जव हीं धान्यें भरडून त्यांची पेज आंबवितात, व ती भट्टीवर चढवून तिचा अर्क उतरवितात. आजच्या अमेरिकन कायद्याप्रमाणें धान्यांत निदान ५१ टक्के मका असला पाहिजे, आणि अर्क हा आंतून जाळून काळ्या केलेल्या ओक लाकडाच्या कोऱ्या पिंपांतच ठेवला पाहिजे. भट्टींतून उतरलेला अर्क पाण्यासारखा स्वच्छ असतो. त्याचा तांबूस रंग, त्याचा वास आणि त्याची चव हें सर्व त्या लाकडांतून वर्षानुवर्षें मुरत येतें.

या मुरण्यांतच सगळ्या तंट्याचें मूळ आहे. पिंप चार वर्षें वखारींत पडून राहिलें म्हणजे मालकाचें भांडवलहि चार वर्षें अडकून पडतें. उलट, कच्च्या अर्कांत जाळलेली साखर आणि फळांचा रस घालून तसाच रंग एका दिवसांत आणतां येतो. पेला हातीं धरणाराला डोळ्यांनीं फरक कळत नाहीं. त्याला विश्वास ठेवावा लागतो तो पिंपाच्या तोंडावर डागलेल्या नांवावर. इंग्रजींतील ‘ब्रँड’ या शब्दाचा एक जुना अर्थ तापलेल्या लोखंडाचा डाग असाच आहे. त्या काळीं माल बहुधा पिंपांतूनच विकला जाई. दुकानदार पिंप आणी व गिऱ्हाइकाला त्यांतून मापानें देई. मधल्यामध्यें त्यानें काय मिसळलें हें देवालाच ठाऊक! लुईव्हिल शहरांतील जॉर्ज गार्व्हिन ब्राउन या व्यापाऱ्यानें १८७० सालीं ‘ओल्ड फॉरेस्टर’ ही व्हिस्की केवळ मोहोरबंद बाटल्यांतून विकावयास काढली, त्याचें कारण हेंच.

आतां आपण केंटकीची राजधानी फ्रँकफोर्ट हिच्या परिसरांत येऊं. तेथें ग्लेन्स क्रीक नांवाचा एक लहानसा ओढा आहे. चुनखडीच्या थरांतून झिरपलेल्या तेथील पाण्यामुळें त्याच्या कांठीं भट्ट्या उभ्या राहिल्या. ऑस्कर पेपर नांवाच्या एका जमीनदाराच्या भट्टींत जेम्स क्रो हा स्कॉटलंडांत जन्मलेला, वैद्यक व रसायनशास्त्र जाणणारा गृहस्थ कामास होता. आदल्या घाण्याचें आंबलेलें पाणी पुढच्या घाण्यांत थोडें घालावयाचें, आपण दुधाला विरजण लावतों तसें, ही रीत त्यानें मोजमाप ठेवून नियमबद्ध केली. त्यामुळें प्रत्येक घाण्याचा माल सारखा उतरूं लागला, आणि क्रोच्या व्हिस्कीचा लौकिक झाला. १८५६ सालीं क्रो वारला. मनुष्य गेला, पण नांव राहिलें, आणि पेढ्यांनीं तें उचललें. केंटकींतील गेन्स आणि कंपनी व सेंट लुई शहरांतील हेलमन यांची पेढी यांच्यामध्यें ‘क्रो’ या नांवावरून लागलेलें भांडण १९१८ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोंचलें. क्रोला जाऊन तेव्हां ६२ वर्षें लोटलीं होतीं. ज्याच्या नांवासाठीं भांडण, त्याला त्याचा एक पैसाहि मिळावयाचा नव्हता!

ऑस्कर पेपर १८६५ सालीं मरण पावला. त्याचा मुलगा जेम्स पेपर हा अल्पवयी होता. त्याचा पालक म्हणून ज्या गृहस्थाची नेमणूक झाली, तोच आजच्या कथेचा नायक, कर्नल एडमंड हेन्स टेलर, ज्युनियर.

या ‘ज्युनियर’चीहि एक गंमत आहे. टेलर १८३० सालीं जन्मला. लहानपणींच त्याचे वडील वारले, आणि फ्रँकफोर्ट येथें बँकेच्या धंद्यांत असलेल्या चुलत्यानें त्याला वाढविलें. चुलत्याचें नांवहि एडमंड हेन्स टेलर. म्हणून पुतण्याच्या नांवापुढें ‘ज्युनियर’ लागलें, तें जन्मभर राहिलें. नांवाचा घोटाळा व्हावयाचा, तर त्याचा प्रारंभ असा घरांतूनच झाला. टेलर प्रथम बँकेंत होता, मग मद्याच्या धंद्यांत शिरला, युरोपांतील भट्ट्या पाहून आला, आणि फ्रँकफोर्टजवळ नदीकांठची एक भट्टी घेऊन तिला त्यानें ‘ओ. एफ. सी.’ हें नांव दिलें. विटांच्या भक्कम इमारती, तांब्याचीं झळाळणारीं भांडीं, पिंपांवर पितळेच्या चकचकीत पट्ट्या, असा त्याचा थाट असे. पुढें तो अनेक वर्षें फ्रँकफोर्टचा नगराध्यक्ष होता. पिंपाच्या तोंडावर तो आपली सही तिच्या वळणासुद्धां डागवीत असे. ती सही म्हणजेच मालाची हमी, अशी व्यापाऱ्यांची समजूत झाली.

परंतु थाटाबरोबर कर्जहि वाढतें. १८७३ च्या आर्थिक संकटानंतर अमेरिकेंत मोठी मंदी आली, आणि १८७७ च्या सुमारास टेलर व त्याचा पाल्य जेम्स पेपर हे दोघेहि बुडीत निघाले. या दोघांच्या बुडण्यांतूनच दोन खटले जन्मास आले, आणि गंमत अशी कीं दोहोंचे निकाल वरवर पाहतां एकमेकांच्या उलट लागले.

पहिला खटला पेपरचा. त्याची वडिलार्जित भट्टी १८७८ सालीं लाब्रो आणि ग्रॅहॅम या भागीदारांनीं विकत घेतली. पेपरनें लेक्सिंग्टन शहरीं नवी भट्टी घातली, आणि नव्या मालावरहि ‘ओल्ड ऑस्कर पेपर’ हीच खूण तो घालूं लागला. इकडे लाब्रो व ग्रॅहॅम जुन्या जागेंत माल काढून ‘ओल्ड ऑस्कर पेपर डिस्टिलरी’ असें पिंपावर लिहीत. पेपर कोर्टांत गेला. त्याचें म्हणणें सरळ होतें : नांव माझ्या बापाचें, मी त्याचा औरस पुत्र, परक्यांना त्या नांवाशीं काय कर्तव्य? आपल्यापैकीं कोणासहि तें पटेल. परंतु १८८१ सालीं न्यायमूर्ति स्टॅन्ले मॅथ्यूज यांनीं पेपरच्या विरुद्ध निकाल दिला. त्यांचें म्हणणें असें कीं हें नांव आतां एका माणसाचें राहिलेलें नसून एका स्थळाचें झालें आहे. ज्यांनीं तें स्थळ विकत घेतलें, ते आपल्या पिंपावर त्याचें नांव लिहितात, म्हणजे खरेंच लिहितात. उलट लेक्सिंग्टनचा माल ‘ओल्ड ऑस्कर पेपर’ म्हणून विकणें हेंच गिऱ्हाइकाची दिशाभूल करणें होय. पुत्राचा हक्क न्यायालयानें जागेच्या सत्यापुढें दुय्यम ठरविला.

दुसरा खटला खुद्द टेलरचा. त्याच्या कर्जाचा भार सेंट लुईचा व्यापारी जॉर्ज स्टॅग यानें उचलला, आणि ओ. एफ. सी. ची भट्टी त्याच्या ताब्यांत गेली. टेलर व्यवस्थापक म्हणून राहिला, व धंदा ‘ई. एच. टेलर, ज्युनियर कंपनी’ या नांवानें चालूं लागला. ज्यानें बुडत्याला हात दिला त्याच्याच हाताखालीं काम करावयाचें, ही गोष्ट अभिमानी माणसाला सोसवत नाहीं. १८८६ च्या अखेरीच्या सुमारास टेलर त्या कंपनींतून बाहेर पडला, आणि ग्लेन्स क्रीकच्या कांठीं आपल्या मुलांसह स्वतंत्र धंदा करूं लागला. पण स्टॅगच्या कंपनीच्या पिंपांवर टेलरची सही तशीच झळकत राहिली.

टेलरनें फिर्याद केली. दोन्ही बाजू ऐकण्याजोग्या होत्या. कंपनीची दृष्टि अशी कीं आम्हीं धंदा घेतला तेव्हां त्याची प्रसिद्धिहि घेतली. सहीखेरीज त्या धंद्यांत उरतें काय? टेलरची दृष्टि अशी कीं सही हें माझें वचन आहे. मी जेथें हजर नाहीं, तेथें माझें वचन कोणी कसें द्यावें? १८९४ सालीं केंटकीच्या वरिष्ठ न्यायालयानें टेलरच्या सहीचा हक्क मान्य केला. पेपर हरला आणि टेलर जिंकला. मग न्यायाचें सूत्र तें कोणतें? नीट पाहिलें तर दोन्ही निकालांत सूत्र एकच आहे. नांव वाचून गिऱ्हाइकाच्या मनांत जी समजूत होते, ती खरी आहे कीं खोटी? ‘ऑस्कर पेपर डिस्टिलरी’ हें नांव वाचून त्याला जागा आठवे, आणि जागा खरी होती. टेलरची सही पाहून त्याला माणूस आठवे, आणि माणूस तेथून निघून गेला होता.

येथवर भांडण दोन पेढ्यांमधलें होतें. टेलरनें तें देशाच्या कायदेमंडळांत नेलें. कच्च्या अर्काला रंग देऊन विकणारे मिश्रणवाले हे त्याचे कायमचे शत्रु. त्यांच्याविरुद्ध त्यानें व इतर भट्टीवाल्यांनीं जी खटपट केली, तिचें फळ म्हणजे ३ मार्च १८९७ चा ‘बॉटल्ड इन बाँड’ कायदा. अर्थमंत्री जॉन कार्लाइल हा केंटकीचाच असल्यानें त्याचें साहाय्य मिळालें. या कायद्यानें ठरविलें कीं माल एकाच भट्टीचा व एकाच हंगामाचा असावा, सरकारी देखरेखीखालच्या वखारींत तो निदान चार वर्षें मुरावा, त्यांत मद्यार्काचें प्रमाण निम्में, म्हणजे शेंकडा ५० असावें, आणि तो बाटलींत भरून वर सरकारी तिकीट चिकटवावें. शिवाय व्यापारी खूण कोणतीहि असो, खऱ्या उत्पादकाचें नांव बाटलीवर असलेंच पाहिजे. खाद्यपेयांच्या शुद्धतेचा सर्वसाधारण कायदा अमेरिकेंत १९०६ सालीं आला. त्याच्या नऊ वर्षें आधीं व्हिस्कीला हें संरक्षण मिळालें होतें. यांत टेलरचा स्वार्थ नव्हता असें मात्र म्हणतां येणार नाहीं. सरकारी तिकिटानें त्याच्या मालाची किंमत वाढे व प्रतिस्पर्ध्याची कमी होई. पण स्वतःच्या लाभासाठीं मागितलेला नियम कधीं कधीं लोकांच्याहि लाभाचा ठरतो, त्याचें हें चांगलें उदाहरण आहे.

यानंतरचा खटला सर्वांत नाजूक होता. लुईव्हिल येथें राइट आणि टेलर नांवाची पेढी होती. तिचा एक मालक मॅरियन टेलर हाहि जन्मानें टेलरच. ‘ओल्ड केंटकी टेलर’ या नांवानें तो माल विकीत असे. कर्नल टेलरच्या व्हिस्कीचें नांव ‘ओल्ड टेलर’. कर्नलनें फिर्याद केली. आतां, स्वतःचें नांव वापरूं नको असें एखाद्याला कसें सांगावें? कुलकर्ण्यानें कुलकर्णी हें नांव लावूं नये, अशी मनाई करावयाची काय? परंतु मॅरियन टेलरचा माल हा मिश्रणाचा होता, आणि नांवाच्या साम्यामुळें लोक तो शुद्ध मुरलेला ‘ओल्ड टेलर’ समजून घेत. १९०५ सालीं केंटकीच्या त्याच वरिष्ठ न्यायालयानें कर्नलची बाजू उचलून धरली. आपलें नांव वापरण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण त्या नांवाच्या आडून दुसऱ्याची पत खाण्याचा हक्क कोणालाहि नाहीं, हें त्या निकालाचें सार. पेपर बापाच्या नांवावर हरला होता; मॅरियन टेलर स्वतःच्या नांवावर हरला.

मिश्रणवाल्यांचीहि एक बाजू होती. आमचा माल स्वस्त आहे, भट्टीच्या मालांतील कित्येक तिखट द्रव्यें त्यांत नसतात, मग त्याला व्हिस्की कां म्हणूं नये, असा त्यांचा सवाल असे. हा वाद अखेर राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेला. अध्यक्ष टाफ्ट हे स्वतः कायदेपंडित. पुढें ते सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशहि झाले. १९०९ च्या डिसेंबरांत त्यांनीं ठरविलें कीं दोघांनींहि व्हिस्की हें नांव घ्यावें, पण शुद्ध असेल त्यानें ‘स्ट्रेट’ लिहावें आणि मिश्रण असेल त्यानें ‘ब्लेंडेड’ लिहावें. विकण्याची बंदी कोणालाच नाहीं. लपविण्याची मात्र दोघांनाहि.

१९२० सालीं अमेरिकेंत देशभर दारूबंदी आली, आणि भट्ट्या थंडावल्या. कर्नल टेलर १९२३ च्या जानेवारींत, वयाच्या ९२ व्या वर्षीं वारला. बंदी १९३३ च्या डिसेंबरांत उठली. तोंवर कित्येक घराणीं धंद्यांतून उठून गेलीं होतीं, पण त्यांचीं नांवें मात्र कागदोपत्रीं जिवंत होतीं आणि शेतजमिनीसारखीं विकलीं जात होतीं. बीम घराण्याची ‘ओल्ड टब’ ही जुनी खूण बंदीनंतर त्यांच्या हातीं राहिली नव्हती. तेव्हां जेम्स बीमच्या मालाला पुढें त्याचेंच ‘जिम बीम’ हें नांव मिळालें. सॅम्युअल्स घराण्याचें उलट झालें. भट्टीबरोबर त्यांचें घराण्याचें नांव परक्या हातीं गेलें, म्हणून बिल सॅम्युअल्स यानें १९५३ सालीं लोरेटो गांवीं नवी जागा घेतली, तेव्हां नवें नांव शोधावें लागलें. पत्नी मार्जी हिनें ‘मेकर्स मार्क’ हें नांव सुचविलें, आणि बाटलीच्या मानेवरून ओघळणारी तांबड्या लाखेची मोहोरहि तिचीच कल्पना. पुढें त्या ओघळावरूनच खटला झाला! एका टकीला नांवाच्या मेक्सिकन मद्याच्या बाटलीवर तसाच तांबडा ओघळ आला, आणि सिनसिनाटी येथील संघीय अपील न्यायालयानें २०१२ सालीं मेकर्स मार्कचा हक्क मान्य केला.

आतां शेवटचा कज्जा. कर्नल टेलरनें ग्लेन्स क्रीकच्या कांठीं जी भट्टी बांधली, ती पाहण्यासारखी होती. चुनखडीच्या दगडांचा बुरूजबंद किल्ला, झऱ्यावर खांबांचा मंडप, खोलगट बाग, आणि आगगाडीनें येणाऱ्या पाहुण्यांचा सत्कार. पुढें ही भट्टी आणि ‘ओल्ड टेलर’ हें नांव एका मोठ्या कंपनीकडे गेलें. १९७२ सालीं तेथील काम थांबलें, छपरें कोसळलीं, भिंतींवर वेली चढल्या. मग नांव आणि जागा यांची ताटातूट झाली. जागा निरनिराळ्या हातांतून फिरली. नांव मात्र २००९ सालीं सॅझरॅक कंपनीनें विकत घेतलें. ही कंपनी कोण? फ्रँकफोर्टची बफेलो ट्रेस भट्टी जिच्या मालकीची आहे ती. आणि बफेलो ट्रेस म्हणजे दुसरें कांहीं नसून टेलरनें उभारलेली व स्टॅगनें घेतलेली तीच जुनी ओ. एफ. सी. ची जागा!

२०१४ सालीं पेरिस्टाइल नांवाच्या एका नव्या कंपनीनें तो पडका किल्ला घेतला, आणि डागडुजी चालू केली. आमच्या नव्या व्हिस्कीला टेलरचें नांव आम्ही देणार नाहीं, हें त्यांना मान्य होतें. त्यांनीं तिच्यासाठीं ‘कॅसल अँड की’ असें निराळें नांव ठेविलें. परंतु आपण कोठें काम करितों हें सांगतांना ते ‘पूर्वीची ओल्ड टेलर डिस्टिलरी’ असें म्हणत, आणि इमारतीच्या दर्शनी भागावर तें जुनें नांव होतेंच. सॅझरॅकनें दावा लावला : नांव आमचें, तें उच्चारूंहि नका. २०१८ च्या जूनमध्यें त्याच सिनसिनाटीच्या अपील न्यायालयानें हा दावा फेटाळला. न्यायमूर्ति सटन यांच्या निकालाचा आशय असा कीं व्यापारचिन्ह विकत घेतलें म्हणून इतिहास विकत घेतां येत नाहीं. जागेचें पूर्वीचें नांव खरेपणानें सांगणें हा गुन्हा नव्हे. १८८१ सालीं ‘ऑस्कर पेपर’ नांवाबद्दल जें ठरलें, त्याच ओढ्याच्या कांठीं १३७ वर्षांनीं तेंच पुन्हां निराळ्या शब्दांत ठरलें.

श्रोतेहो, आज बफेलो ट्रेसच्या भट्टींतून एक व्हिस्की ‘कर्नल ई. एच. टेलर’ या नांवानें निघते आणि दुसरी ‘जॉर्ज टी. स्टॅग’ या नांवानें. जे दोघे हयात असतांना एका छपराखालीं राहूं शकले नाहींत, त्यांचीं नांवें एकाच मालकाच्या फळीवर शेजारीं उभीं आहेत. दोहोंपैकीं एकाचाहि हात त्या मालाला लागलेला नाहीं. मग टेलरचा १८९४ चा विजय व्यर्थ गेला काय? मला तसें वाटत नाहीं. आजच्या गिऱ्हाइकाला ठाऊक असतें कीं हें नांव पूर्वजाचें स्मरण आहे, त्याचें वचन नव्हे. त्या बाटलीची खरी हमी ‘बॉटल्ड इन बाँड’ या शब्दांत असते, आणि ते शब्द टेलरनेंच मिळवून दिले. सहीवरचा हक्क त्याच्याबरोबर संपला. परंतु खऱ्या उत्पादकाचें नांव बाटलीवर असावें, हा नियम त्याच्यामागें उरला. त्याच्या शेजाऱ्यांना, त्याच्या शत्रूंना आणि ज्यांनीं त्याचें नांव कधीं ऐकलें नाहीं त्यांनाहि तो लागू आहे.

नांवाचा धनी कोण, असा प्रश्न आपण आरंभीं केला होता. या सर्व निकालांतून न्यायालयांनीं धनीपणाला फारसें महत्त्व दिलेलें दिसत नाहीं. मुलगा, सावकार, नांवबंधु, कंपनी, प्रत्येकाला त्यांनीं एकच गोष्ट विचारली : तुझ्या नांवावर विश्वासून जो पैसे मोजतो, त्याला तूं खरें सांगतोस काय? ज्याला ‘होय’ म्हणतां आलें, त्याच्याकडे नांव राहिलें.